किंमत वाढली, पण कशाच्या मानाने?



वाणिज्य, व्यवस्थापन किंवा अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची ठरवलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातला पहिला विषय साधारण असा असतो: 'ऑनलाइन खरेदीतील किमतींबाबत ग्राहकांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास'. विषयात वाईट काहीच नाही. पण त्यातून पुढे जी प्रश्नावली तयार होते, तिच्यात एक प्रश्न हमखास असतो: 'किंमत वाढल्यास आपण नाराज होता का?' खाली 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' असे पाच पर्याय. दोनशे जणांकडून भरून घेतली की निष्कर्ष येतो, बहुतेक लोक नाराज होतात. आता एवढं कळायला आयुष्यातली तीन-चार वर्षं कशाला खर्च करायची? आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेच विचारलं, तर काय सांगणार?

म्हणून आज याच विषयातलं एक जुनं आणि गाजलेलं प्रकरण घेऊया. चित्रपटांच्या डीव्हीडी ऑनलाइन विकताना किमती वर-खाली झाल्या आणि गिऱ्हाइकं खवळली, ते प्रकरण. त्याच्या आगेमागे झालेलं संशोधन वाचलं की एक चांगली सवय लागते. 'किंमत वाढली' हे वाक्य कानावर पडलं की आपण आपोआप विचारतो, 'कशाच्या मानाने?'

सप्टेंबर २०००: अडुसष्ट डीव्हीडी आणि एक चाचणी

सन २००० मध्ये अमेरिकेत डीव्हीडी ही नवलाईची गोष्ट होती. ॲमेझॉनवर चित्रपटांच्या डीव्हीडी छापील किमतीवर सवलत देऊन विकल्या जात. त्या सप्टेंबरमध्ये डीव्हीडीच्या काही शौकिनांनी आपापसात किमती ताडून पाहिल्या, तर एकच डीव्हीडी, एकच दुकान, आणि तरी प्रत्येकाच्या पडद्यावर किंमत वेगळी!

त्यातल्या एका गिऱ्हाइकाचा अनुभव तेव्हा वृत्तपत्रांत छापून आला होता. त्याने 'टायटस' या चित्रपटाची डीव्हीडी २४.४९ डॉलरला मागवली. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर तीच डीव्हीडी २६.२४ डॉलर. त्याला शंका आली. त्याने आपल्या संगणकावरच्या कुकीज, म्हणजे ज्यांच्यावरून दुकान जुन्या गिऱ्हाइकाला ओळखतं त्या खुणा, पुसून टाकल्या आणि परत तेच पान उघडलं. आता किंमत २२.७४ डॉलर!

आकडे जरा शांतपणे बघा. पहिल्या आणि दुसऱ्या किमतीतला फरक १.७५ डॉलर. पहिल्या आणि तिसऱ्या किमतीतला फरकही बरोबर १.७५ डॉलर. दुसऱ्या किमतीशी तुलना केली तर या माणसाने वेळेवर खरेदी करून पावणेदोन डॉलर वाचवले. तिसरीशी केली तर पावणेदोन डॉलर जास्त मोजले. वस्तू तीच आणि खिशातून गेलेले पैसेही तेच. मग तो फायद्यात की तोट्यात? उत्तर सर्वस्वी तुलनेवर ठरतं.

बोभाटा झाल्यावर कंपनीने खुलासा केला. ६८ डीव्हीडींवर वेगवेगळी सवलत देऊन कोणत्या किमतीला किती विक्री होते हे पाहण्याची ती चाचणी होती. कोणाला किती सवलत मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं. गिऱ्हाइकाची माहिती पाहून किंमत ठरवलेली नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. ज्यांनी जास्त पैसे मोजले होते अशा ६,८९६ जणांना फरकाची रक्कम परत केली गेली, सरासरी माणशी ३.१० डॉलर. जेफ बेझोस यांनी ही चाचणी म्हणजे चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं.

गुणाकार करून पाहा. परत दिलेली रक्कम एकवीस हजार डॉलरच्या आसपास येते. त्या वर्षी कंपनीची विक्री पावणेतीन अब्ज डॉलरच्या घरात होती. म्हणजे पैशांच्या हिशोबात हा किरकोळ मामला होता. तरी त्यावर एवढी राळ उठली की आज पंचवीस वर्षांनंतरही किंमतनिर्धारण शिकवताना हेच उदाहरण देतात. माणशी तीन डॉलरसाठी एवढा संताप का, हा संशोधनाचा खरा प्रश्न. 'लोक नाराज होतात का' हा नव्हे.

पहिली तुलना: माझी 'नेहमीची' किंमत

या प्रश्नाचं अर्धं उत्तर चौदा वर्षं आधीच छापून आलं होतं. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९८६ सालचा शोधनिबंध. यातल्या कानेमन आणि थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांनी कॅनडातल्या टोरंटो आणि व्हँकुव्हर भागातल्या लोकांना फोन करून छोटे-छोटे प्रसंग ऐकवले आणि विचारलं, 'दुकानदाराचं हे वागणं न्याय्य की अन्याय्य?'

सगळ्यात गाजलेला प्रसंग बर्फ उपसायच्या फावड्यांचा. दुकानदार १५ डॉलरला फावडं विकत होता. रात्री मोठं हिमवादळ झालं आणि सकाळी त्याने किंमत २० डॉलर केली. १०७ पैकी ८२ टक्के लोक म्हणाले, हे अन्याय्य. दुसऱ्या प्रसंगात वाहतुकीच्या घोळामुळे वाण्याला लेट्यूसची भाजी घाऊक बाजारातच ३० सेंट महाग पडली, म्हणून त्यानेही गिऱ्हाइकांसाठी ३० सेंट वाढवले. इथे ७९ टक्के लोकांनी 'चालेल' म्हटलं. दोन्हीकडे किंमत वाढलेलीच आहे. पण एकीकडे दुकानदार आपला नेहमीचा नफा राखतोय आणि दुसरीकडे तो लोकांची अडचण बघून नफा वाढवतोय. लेखकांनी याला दुहेरी हक्काची कल्पना म्हटलं: गिऱ्हाइकाला नेहमीच्या किमतीवर हक्क वाटतो आणि दुकानदाराच्या नेहमीच्या नफ्यावरचा हक्क गिऱ्हाईकही मान्य करतं.

आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचा प्रसंग मात्र मोटारींचा आहे. एका गाडीचा तुटवडा पडलाय, दोन महिने थांबावं लागतं. आजवर छापील किमतीला विकणाऱ्या विक्रेत्याने आता २०० डॉलर वर लावले. ७१ टक्के लोक म्हणाले, अन्याय्य. आता थोडा बदल. विक्रेता आजवर छापील किमतीपेक्षा २०० डॉलर कमी घेत होता आणि तुटवड्यामुळे त्याने सवलत बंद करून छापील किंमत लावली. इथे ५८ टक्के लोकांनी ते मान्य केलं!

गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्हीकडे २०० डॉलरचाच चटका बसतो. फक्त एकाचं नाव 'जादा आकार' आणि दुसऱ्याचं 'सवलत गेली'. जी किंमत मनात 'मूळ' म्हणून बसलेली असते तिला संदर्भ किंमत म्हणतात. तिच्या वर गेलात तर तोटा वाटतो, तिच्यापर्यंत परत आलात तर वाटतं, 'चला, इतके दिवस मिळालं तेच खूप'. ऑनलाइन दुकानात छापील किमतीवर काट मारून खाली विक्रीची किंमत दाखवतात, त्यामागे हेच मानसशास्त्र आहे. छापील आकडा समोर राहिला की किंमत वाढवतानासुद्धा 'सवलत ३० टक्क्यांवरून २० टक्के' एवढंच म्हणता येतं.

पद्धतीच्या दृष्टीने एक गोष्ट टिपून ठेवा. मोटारीचे दोन्ही प्रसंग एकाच माणसाला विचारलेले नाहीत. पहिला १३० जणांना, दुसरा वेगळ्या १२३ जणांना. एकाच माणसाला दोन्ही विचारले असते तर तो म्हणाला असता, 'दोनशे म्हणजे दोनशेच की!' आणि फरक पुसला गेला असता. आपल्या प्रश्नावल्यांत सगळे प्रश्न सगळ्यांना विचारले जातात, तिथे असं काही सापडणं कठीणच.

दुसरी तुलना: शेजारच्या गिऱ्हाइकाची किंमत

आता डीव्हीडीवाल्या गिऱ्हाइकाकडे परत या. २४.४९ चे २६.२४ झाले तोवर त्याला फक्त शंका आली होती. दुकानात भाव वर-खाली होतातच. कुकीज पुसल्यावर जे कळलं ते वेगळ्या जातीचं होतं: अनोळखी माणसाला वस्तू स्वस्त आणि मी नेहमीचा, तर मला महाग. इथे तुलना स्वतःच्या जुन्या किमतीशी राहिली नाही, ती दुसऱ्या माणसाशी झाली.

केली हॉज आणि विल्यम बेअर्डन यांनी २००६ मध्ये प्रयोगांमधून हेच वेगळं काढून दाखवलं. किमतीतला फरक कधी दुकानादुकानांत असतो, कधी वेळेनुसार असतो, कधी गिऱ्हाइकागिऱ्हाइकात असतो. या सगळ्यांत लोकांना सर्वांत अन्यायकारक वाटला तो गिऱ्हाइकागिऱ्हाइकातला फरक. शिवाय अगदी थोड्या वेळात झालेला बदल, जास्त काळाने झालेल्या बदलापेक्षा अधिक खटकला. डीव्हीडीच्या प्रकरणात नेमक्या या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

जोसेफ ट्युरो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्या १,५०० प्रौढांची पाहणी केली. दुसऱ्याला तीच वस्तू माझ्यापेक्षा स्वस्त मिळते हे कळलं तर मला खटकेल, असं ७६ टक्के लोक म्हणाले. आणि एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी किंमत लावणं तिथे कायदेशीर आहे, हे ६४ टक्के लोकांना माहीतच नव्हतं. म्हणजे प्रतिक्रिया मोजताना, लोकांना नियम काय वाटतो आणि खरा नियम काय आहे, हे दोन्ही वेगळं मोजावं लागतं.

यादृच्छिक चाचणी असूनही लोकांना ती पक्षपाती का वाटली, याचं उत्तरही इथेच आहे. आपल्यासाठी यादृच्छिक म्हणजे निःपक्षपाती, कारण आपण सगळ्या गटाकडे एकदम वरून पाहतो. गिऱ्हाइकाला मात्र फक्त दोन किमती दिसतात, स्वतःची आणि दुसऱ्याची. त्याला कारण दिसत नाही, मग तो कारण स्वतःच जोडतो. 'मी नेहमी येतो म्हणून मला लुबाडतात.' मार्गारेट कॅम्पबेल यांच्या १९९९ च्या अभ्यासाचं सार हेच आहे. विक्रेत्याचा हेतू वाईट आहे असं गिऱ्हाइकाला वाटलं, की तीच किंमत त्याला अन्याय्य वाटू लागते.

बोलणं वेगळं, वागणं वेगळं

इथवरचे बहुतेक अभ्यास 'तुम्हाला काय वाटतं' या प्रकारचे आहेत. मग गाइड विचारतात, 'लोक बोलतात एक, करतात एक, त्याचं काय?' रास्त प्रश्न आहे.

एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २०१० मध्ये याचं उत्तर प्रत्यक्ष बाजारात जाऊन शोधलं. विक्रेत्यांशी हातमिळवणी करून, पन्नास हजारांहून अधिक गिऱ्हाइकांवर यादृच्छिक प्रयोग केले. काहींना अशा किमती दाखवल्या, की त्यांनी पूर्वी घेतलेली वस्तूच आता स्वस्त झालेली दिसावी. निकाल असा की आपण जास्त मोजले हे दिसल्यावर बऱ्याच जणांनी त्या विक्रेत्याकडून खरेदीच थांबवली. सगळ्यात जास्त कोण गेलं? ज्यांनी नुकतीच आणि सर्वांत चढ्या भावाने खरेदी केली होती ते. म्हणजे दुकानाची सगळ्यात मोलाची गिऱ्हाइकं.

यात दोन धडे आहेत. एक म्हणजे किंमत कमी झाल्यानेही गिऱ्हाईक दुखावतं. 'किंमत वाढ आणि ग्राहकांची नाराजी' असं शीर्षक ठेवलं असतं तर हा परिणाम आपल्या जाळ्यातून निसटला असता. दुसरा धडा असा की यातली बहुतेक माणसं तक्रार न करता निघून जातात. जाहीर तक्रारी वाचून केलेला अभ्यास म्हणजे फक्त बोलणाऱ्यांचा अभ्यास. न बोलता गेलेले दिसायचे, तर खरेदीच्या नोंदीच लागतात.

स्वतः किमती नोंदवायला बसलात तर

समजा तुम्ही ठरवलंत की वर्षभर चित्रपटांच्या डिस्कच्या किमती रोज उतरवून घ्यायच्या. कल्पना चांगली आहे. पण चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, सरासरीचा भास. डिस्कचा बाजार आता आटलाय. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. बेस्ट बाय या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणंच थांबवलं. अशा बाजारात स्वस्त साध्या आवृत्त्या यादीतून गळतात आणि संग्राहकांसाठीच्या महागड्या उरतात, तेव्हा एकाही डिस्कची किंमत न वाढता सरासरी वाढते! म्हणून तीच तीच शीर्षकं, त्याच आवृत्त्या धरून मोजणी करा.

दुसरं, विकतोय कोण? ॲमेझॉनने नोव्हेंबर २००० पासून आपल्याच पानावर बाहेरच्या विक्रेत्यांना जागा द्यायला सुरुवात केली. काल दुकान स्वतः विकत होतं, आज त्याचा माल संपला आणि बाहेरच्याची चढी किंमत दिसतेय. गिऱ्हाईक म्हणतं, 'ॲमेझॉनने वाढवली'. तुमच्या नोंदवहीत मात्र विक्रेत्याचा रकाना वेगळा हवा.

तिसरं, छापील किंमत, सवलत आणि पोचवण्याचा खर्च हे तीन वेगळे रकाने ठेवा. मोटारीचा प्रसंग आठवा. फक्त शेवटचा आकडा उतरवलात तर नक्की काय बदललं हे नंतर कधीच सांगता येणार नाही.

चौथं, तुम्हाला दिसलेली किंमत इतरांनाही दिसते का? लॉगिन करून आणि न करता, दोन्ही प्रकारे पाहा. कुकीज पुसणाऱ्या त्या गिऱ्हाइकाने नकळत एक छोटा प्रयोगच केला होता.

आणि नमुन्याबद्दल एक. २००० साली डीव्हीडी घेणारा आणि आज घेणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. आज चित्रपट पाहायला डिस्क लागत नाही, तरी जो विकत घेतो तो बहुधा संग्राहक. त्याच्या प्रतिक्रियेवरून 'ग्राहक' या सगळ्या जमातीबद्दल बोलू नका.

आपल्याकडे अभ्यास करायचा तर

कॅनडातला मोटारीचा प्रसंग जसाच्या तसा मराठीत आणून पुण्यात किंवा नांदेडला विचारला तर एक मोठी अडचण येते. तिथली छापील किंमत ही सुचवलेली किंमत असते. आपल्याकडे पॅकबंद वस्तूवर एमआरपी असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. 'छापील किमतीच्या वर घेतले' म्हटलं की आपला माणूस लगेच म्हणणार, अन्याय्य. पण तो न्यायाबद्दल बोलतोय की कायद्याबद्दल, हे तुम्हाला कळणार नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही प्रसंगांत किंमत एमआरपीच्या आतच ठेवायची.

दुसरी गोष्ट, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. ई-कॉमर्स कंपन्यांनी अवाजवी नफ्यासाठी किमतीत फेरफार करू नये आणि एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये, असं त्यात म्हटलंय. 'एकाच वर्गातले' म्हणजे कोण, जुनं आणि नवं गिऱ्हाईक एका वर्गातलं का, आणि सामान्य खरेदीदाराला काय वाटतं? यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

आणि संदर्भ किंमत किती खोल रुतते याचं आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मोझर बेअर आठवा. २००७ च्या सुमारास या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. तेव्हापासून ज्यांनी घरात डबे भरून ठेवले, त्यांना नंतर एखाद्या डिस्कची कोणतीही किंमत ऐकवा, मनातल्या मनात तुलना चौतीसशीच होण्याची शक्यता मोठी. मुंबईतला वीस वर्षांचा विद्यार्थी, ज्याने कधी डिस्क विकतच घेतली नाही, त्याच्याकडे हा आकडाच नाही. मग प्रश्नावलीत 'वय' हा रकाना नुसता भरतीचा राहत नाही. वय हे संदर्भ किमतीचं माप होतं.

मग प्रश्न कसा मांडायचा?

सुरुवातीचा विषय परत घेऊ आणि त्याला आकार देऊ. समजा डिस्कची एमआरपी ७९९ रुपये आहे आणि आज ती ५९९ ला मिळते. निम्म्या लोकांना सांगा, 'गेल्या आठवड्यात किंमत ४९९ होती, आता १०० रुपयांनी वाढली.' उरलेल्या निम्म्यांना सांगा, 'गेल्या आठवड्यात ३०० रुपये सवलत होती, आता २०० आहे.' या दोन्ही गटांचे पुन्हा तीन-तीन भाग करा: एकाला कारण सांगू नका, एकाला सांगा की पुरवठादाराने दर वाढवले, एकाला सांगा की थोड्याच प्रती उरल्यात. झाले सहा गट. कोण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक ठरवा, आणि एकाला एकच प्रसंग दाखवा.

शेवटी 'नाराज आहात का' एवढंच विचारून थांबू नका. इथूनच घेणार, दुसरीकडे बघणार, थांबणार की सोडून देणार, हे निवडायला सांगा. जमलं तर खऱ्या पैशांचा एखादा छोटा व्यवहार त्यात आणा. मात्र विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्या आणि शेवटी सहभागींना प्रयोगाचा खरा हेतू सांगा. न सांगता लोकांवर किमतींची चाचणी केली की काय होतं, ते वर पाहिलंच आहे. कंपनीने पैसे परत करून विषय मिटवला. संशोधकाला ती सोय नसते.

आता या प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत आहे, असं कोणी म्हणू शकणार नाही. आपल्याकडे कारण सांगितल्याने राग जास्त निवळतो की शब्द बदलल्याने? एमआरपीची सवय असलेल्या माणसाला 'सवलत कमी झाली' हे खरंच सौम्य वाटतं का? माझा अंदाज मी इथे देत नाही, तुमचा अंदाज कागदावर लिहा. तोच तुमचा गृहीतकाचा पहिला खर्डा.

तुमच्या विषयाचं शीर्षक कमेंटमध्ये टाका. 'कशाच्या मानाने?' हा प्रश्न त्याला लावून आपण सगळे मिळून बघू.